शिक्का कुठं चालतो, कुठं नाही: कोल्हापुरातून ॲक्सिलरेटरला निघताना

"ॲक्सिलरेटरमध्ये आमची निवड झाली" अशी पोस्ट लिंक्डइनवर पडली की पुढचे दोन दिवस फोन थांबत नाही. कॉलेजच्या ग्रुपवर एचओडी सर अभिनंदन टाकतात, स्थानिक पुरवणीत फोटोसकट चौकट येते, आणि तुमचा धंदा नेमका काय हे ज्यांना आजवर कळलेलं नव्हतं असे पाहुणेसुद्धा घरी फोन करून "पोरगं अमेरिकेच्या कंपनीत लागलं म्हणं" अशी चौकशी करतात. ॲक्सिलरेटर म्हणजे नव्या कंपनीला थोडे पैसे आणि मार्गदर्शन देऊन बहुतेकदा बदल्यात तिचा हिस्सा घेणारा कार्यक्रम. त्याच्या शिक्क्याला प्रतिष्ठा आहे, त्यात वादच नाही. पण ती कुणाच्या टेबलावर चालते आणि तिच्यासाठी कंपनीतला किती हिस्सा मोजावा लागतो, हे अर्ज भरण्याआधी बघायला हवं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा इचलकरंजीत बसून पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी हे क्रमानं लिहितोय.

१. अर्ज कशाला करताय ते आधी बघा

कॉलेजच्या आवारात मिळणारी जागा आणि तीन महिन्यांची बॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली इनक्युबेटरची. तिथं बसायला टेबल, वापरायला लॅब, विचारायला प्राध्यापक मिळतात, आणि वर्ष-दोन वर्षं सुखानं काम करता येतं. आयआयटी मुंबईचं साईन, पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, अहमदाबादच्या आयआयएमचं सीआयआयई (आता आयआयएमए व्हेंचर्स) ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही अशी केंद्रं उघडली आहेत. यंत्राचा पहिला नमुनाच अजून तयार नसेल तर तुमची जागा तिथं आहे.

ॲक्सिलरेटरचं गणित निराळं. ठरावीक तारखेला बॅच सुरू होते, साधारण तीन महिने चालते, सुरुवातीला थोडे पैसे मिळतात, बदल्यात कंपनीचे शेअर द्यावे लागतात आणि शेवटी डेमो डेला गुंतवणूकदारांसमोर उभं राहायचं असतं. ही पद्धत वाय कॉम्बिनेटरनं २००५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या केंब्रिज गावी सुरू केली. पहिल्या बॅचमध्ये आठ टीम होत्या, त्यातली एक रेडिटची. पुढच्याच वर्षी बोल्डरमध्ये टेकस्टार्स उभं राहिलं. पुढं एअरबीएनबी, ड्रॉपबॉक्स, स्ट्राइप वाय कॉम्बिनेटरमधूनच निघाल्या. आपल्याकडच्या रेझरपे (२०१५), मीशो (२०१६), ग्रो (२०१८) आणि झेप्टो (२०२१) याही त्याच दारातून गेलेल्या. शिक्क्याला वजन आलं ते या नावांमुळं.

भारतात मुंबईची १००एक्स.व्हीसी २०१९ पासून आहे. सिकोया इंडिया या गुंतवणूक कंपनीनं त्याच वर्षी सर्ज हा ॲक्सिलरेटर सुरू केला. आता सिकोया इंडियाचं नाव पीक फिफ्टीन झालंय. गूगलचा स्टार्टअप ॲक्सिलरेटर शेअर घेत नाही, पण पैसेही देत नाही. तो मेंटर, तांत्रिक मदत आणि क्लाउड क्रेडिट देतो.

आणि आणखी एक प्रकार आहे, त्यापासून सावध राहा. हॉटेलातल्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर, गळ्यात पट्टा, स्टेजवर ट्रॉफी, आणि त्यासाठी तुमच्याकडूनच 'प्रोग्रॅम फी'. चांगला ॲक्सिलरेटर तुमच्यावर पैसे लावतो. तुमच्याकडूनच घेत असेल तर तो क्लास आहे. क्लास लावायला हरकत नाही, पण त्याला क्लासच म्हणा.

२. तुमच्या धंद्याला हे मानवतं का

इथं जरा थांबतो, कारण कोल्हापुरातल्या बऱ्याच चांगल्या धंद्यांना ॲक्सिलरेटरची गरज नाही आणि हे त्यांना कुणी सांगत नाही.

ॲक्सिलरेटर शंभर कंपन्यांत पैसे टाकतो तेव्हा त्यातल्या बहुतेक बुडणार हे धरूनच चालतो. एक-दोन इतक्या मोठ्या व्हायला हव्यात की बाकीच्यांचा खड्डा भरून वर नफा उरेल. त्यामुळं त्याला दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढणारा, वेळेवर जीएसटी भरणारा, मालकाला बंगला आणि कामगारांना बोनस देणारा धंदा नको असतो. तसा धंदा उत्तम असतो, फक्त या खेळातला नसतो.

समजा तुम्ही जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या कोल्हापुरी चपला थेट कारागिरांकडून घेऊन ऑनलाइन विकता. ऑर्डर दुप्पट झाली तरी चप्पल हातानंच शिवायची आहे. कारागीर, चामडं, वेळ या सगळ्यानं वाढीला मर्यादा येते. इथं ॲक्सिलरेटरला हिस्सा देण्यापेक्षा पीएमईजीपी ही केंद्राची कर्ज-अनुदान योजना बघा: उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सेवेला २० लाखांपर्यंतचा, आणि वर सरकारी अनुदान मिळतं. राज्याची तशीच सीएमईजीपी आहे. मुद्रा कर्जाची वरची मर्यादा २०२४ मध्ये २० लाखांवर गेली, अर्थात आधीचं 'तरुण' गटातलं मुद्रा कर्ज फेडलेल्यांसाठी. कर्ज फेडलं की संपलं, शेअर मात्र दिले की गेले.

आता दुसरं उदाहरण. फाउंड्रीत ग्रीन सँडचा, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूचा, ओलावा थोडा जास्त झाला की कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, येतात. कमी झाला की मोल्ड (साचा) ढासळतो, वाळू कास्टिंगमध्ये जाते. बऱ्याच ठिकाणी आजही सँड प्लांटवरचा अनुभवी माणूस मूठ आवळून, वाळूचा गोळा मोडून ठरवतो. तुम्ही प्रत्येक मिश्रणाचं माप घेऊन कुठल्या हीटला (वितळलेल्या धातूच्या घाण्याला), कुठल्या पॅटर्नवर (साचा घडवायच्या नमुन्यावर) रिजेक्शन येणार हे आधी सांगणारं यंत्र आणि सॉफ्टवेअर बनवलं असेल, तर ते शिरोलीत चाललं की राजकोट, कोइम्बतूर, बेळगाव इथंही तेच चालेल, दर गावाला नवी माणसं न नेमता. हा ॲक्सिलरेटरला चालणारा धंदा.

स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: ग्राहक दहापट झाले तर माणसंही दहापट लागतील का? उत्तर हो असेल तर पुढच्या पायऱ्या वाचण्याआधी बँकेत जाऊन या.

३. कागद आधी, अर्ज नंतर

आपल्याकडं धंदा सुरू होतो तो वडिलांच्या नावावरच्या प्रोप्रायटरी फर्मवर किंवा दोन मित्रांच्या भागीदारीवर. ॲक्सिलरेटरला शेअर हवे असतात आणि प्रोप्रायटरी फर्ममध्ये शेअर नावाची गोष्टच नसते. म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) चालेल का, असं बरेचजण विचारतात. सरकारी मान्यतेला चालते, गुंतवणुकीच्या वेळी अडते, मग पुन्हा बदलाबदलीचा खर्च.

कंपनी झाली की डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप मान्यता घ्या. स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर ती फुकट मिळते. एजंटला पाच-दहा हजार देऊ नका.

मग संस्थापकांतला करार. हा कागद नसल्यामुळं मोडलेल्या जोड्या कुठल्याही कॉलेजात विचारा, दोन-चार तरी सापडतील. दोघंही मित्र असता, कट्ट्यावर पन्नास-पन्नास ठरतं, वर्षभरानं एकाला पुण्याला हिंजवडीत नोकरी लागते आणि तो अर्धी कंपनी खिशात घालून निघून जातो. त्यावर उपाय व्हेस्टिंगचा. शेअर चार वर्षांत हळूहळू मिळतात, पहिलं वर्ष पूर्ण न करता गेला तर काहीच नाही. मित्राला हे बोलून दाखवायला जड जातं. तरी बोला.

कॅप टेबलवर, म्हणजे कुणाकडं किती शेअर आहेत त्या तक्त्यावर, घरातली माणसं असतील तर ती गोष्टही आत्ताच मिटवा. सुरुवातीला काकांनी तीन लाख दिले म्हणून त्यांना वीस टक्के लिहून दिलेले असतात. काका मनाचे मोठे असतात, पण गुंतवणूकदाराला तो वीस टक्क्यांचा खड्डा दिसतो: कंपनीत काम न करणाऱ्याच्या हातात पाचवा हिस्सा. काकांचे पैसे कर्ज म्हणून दाखवा, व्याजासकट परत करायची तारीख लिहा. दिवाळीला घरी बोलणं होण्याआधी हे झालेलं बरं.

पैसा घालणारा एक आणि काम करणारे बाकीचे ही मांडणी कोल्हापूरला नवी नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे चौघे कारागिरीचे आणि सीतारामपंत कुलकर्णी भांडवलाचे, असे पाच भागीदार होते. तेव्हा भागीदारीच्या कराराचं चालून गेलं. आज तोच डाव टाकायचा तर भांडवलवाल्याचे शेअर कसे, कधी, कुठल्या भावानं, हे सगळं कागदावर लागतं.

राहिली शेवटची चिठ्ठी: सॉफ्टवेअर, डिझाइन, पॅटर्नची ड्रॉइंग, सगळ्याची मालकी कंपनीच्या नावावर आहे असं प्रत्येक संस्थापकानं आणि इंटर्ननं लिहून दिलेलं असावं. प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये झाला असेल तर कॉलेजचं पत्रही घ्या.

४. अर्ज

फॉर्म इंग्रजीत असतो. म्हणून बरेचजण सगळा अर्ज चॅटबॉटकडून लिहून घेतात. मग प्रत्येक अर्जात तेच: 'एआयच्या साहाय्यानं उत्पादन क्षेत्रात क्रांती घडवणारा परिपूर्ण प्लॅटफॉर्म'. वाचणाऱ्यानं असली वाक्यं सकाळपासून चाळीस वाचलेली असतात.

आधी मराठीत लिहा. शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याला जसं सांगाल तसं. 'आम्ही वाळूचा ओलावा दर मिश्रणाला मोजतो आणि खराब मोल्ड धातू ओतायच्या आधीच बाजूला काढतो. तीन फाउंड्र्या महिन्याला पैसे देतात.' बस. हेच दोन वाक्यांत साध्या इंग्रजीत उतरवा. 'क्रांती' वगैरे काही नको, तीन फाउंड्र्या पुरतात. पैसे देणाऱ्या तीन फाउंड्र्या म्हणजे फुकट वापरणाऱ्या तीस कंपन्यांपेक्षा जास्त.

आकडे खरे लिहा आणि छोटे असले तरी लिहा. महिन्याला चाळीस हजार येत असतील तर चाळीस हजार. 'लवकरच' हा शब्द फॉर्ममधून खोडून टाका.

व्हिडिओ मागतात तो मिनिटभराचा असतो. सगळे संस्थापक एका फ्रेममध्ये, मागं भिंत, पंखा बंद, फोन उभा धरायचा नाही. ड्रोन शॉट, पार्श्वसंगीत, रंकाळ्यावरचा सूर्यास्त, काही नको. कागदावरून वाचू नका; अडखळलात तरी चालतं, वाचलेलं लगेच कळतं.

त्याच बॅचमधून गेलेल्या एखाद्या संस्थापकाची ओळख मिळाली तर अर्ज वाचला जाण्याची शक्यता वाढते. ओळख काढायला लाजू नका, पण त्यांना 'सर, मार्गदर्शन करा' असा निरोप पाठवू नका. त्याला उत्तर काय द्यायचं तेच समोरच्याला कळत नाही. 'वाळूच्या चाचणीचं उपकरण फाउंड्रीत बसवताना पहिला ग्राहक तुम्ही कसा पटवलात?' असा एक नेमका प्रश्न विचारा.

५. मुलाखत

वाय कॉम्बिनेटरची मुलाखत दहा मिनिटांची. इतरांच्या वीस-तीस मिनिटांच्या असतात, पण स्वभाव तोच. तुमची प्रस्तावना कुणी ऐकून घेत नाही. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रश्न येतो, आणि उत्तराच्या मध्येच पुढचा. आपल्याकडं मोठ्या माणसासमोर मध्ये बोलू नये, त्यांचं पुरतं ऐकून घ्यावं, असं वळण लावलेलं असतं. इथं ते आड येतं. प्रश्नाचं उत्तर पहिल्या वाक्यात द्या, कारण नंतर. 'किती ग्राहक?' याचं उत्तर 'तीन', 'सर, सुरुवातीला आम्ही असं केलं की...' हे नव्हे.

हमखास येणारे प्रश्न: पैसे कोण देतं आणि का देतं, आधी ते लोक काय वापरत होते, कोण सोडून गेलं आणि का, दोघं एकमेकांना कसे ओळखता, हे काम तुम्हीच का करावं. शेवटच्याला कोल्हापूरचं उत्तर जोरदार असतं, फक्त लोक ते लाजून सांगत नाहीत. मामांची फाउंड्री होती, शाळेच्या सुट्टीत भट्टीजवळ वाढलो, रिजेक्शनच्या ढिगावर बसून डबा खाल्लाय, हे बेंगळुरूच्या टीमला सांगता येत नाही. तुम्हाला येतं.

सराव तुमच्या क्षेत्राबाहेरच्या मित्रासमोर करा आणि त्याला दर पंधरा सेकंदांनी तोडायला सांगा. मुलाखतीच्या दिवशी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट ठेवा आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर. महावितरणचं वेळापत्रक मुलाखतीच्या वेळापत्रकाशी जुळतंच असं नाही.

६. पत्र आलं, आता हिशेब

आनंद करा, दूध कट्ट्यावर जाऊन सगळ्यांना दूध पाजा, पण सही दुसऱ्या दिवशी करू नका.

वाय कॉम्बिनेटर सध्या ५ लाख डॉलर देतं. त्यातले १ लाख २५ हजार डॉलर ७ टक्क्यांसाठी, म्हणजे कंपनीची किंमत साधारण १८ लाख डॉलर धरली जाते. उरलेले ३ लाख ७५ हजार वेगळ्या करारावर, ज्याचा हिस्सा आत्ता ठरत नाही. पुढच्या गुंतवणूकदाराला तुम्ही जी सगळ्यात चांगली अट द्याल ती त्यांनाही मिळते. म्हणजे ५ लाखांना ७ टक्के, असं समजून बसू नका. शेवटचा आकडा त्याहून मोठा असतो.

भारतीय ॲक्सिलरेटरचं उदाहरण घेऊ, आकडे नुसते समजण्यापुरते. २० लाख रुपये, ६ टक्के. म्हणजे कंपनी झाली ३ कोटी ३३ लाखांची. तुम्हा दोघांकडं राहिले ९४ टक्के. पुढं कर्मचाऱ्यांसाठी १० टक्क्यांचा राखीव हिस्सा काढला की ८४.६. मग सीड फेरीत (गुंतवणूकदारांच्या पहिल्या फेरीत) २० टक्के गेले की ६७.७, त्यापुढच्या फेरीत आणखी २० टक्के गेले की ५४ च्या आसपास. दोघांत वाटले तर प्रत्येकी २७. पहिल्यांदा हा हिशेब कागदावर मांडल्यावर पोटात गोळा येतो. तो सहीच्या आधी आलेला चांगला. प्रश्न ६ टक्के जास्त की कमी असा नसतो. हे सहा टक्के दिल्यामुळं उरलेल्या ९४ ची किंमत वाढणार का, एवढंच बघायचं. जे ॲक्सिलरेटर तुम्हाला पाच खऱ्या ग्राहकांपर्यंत आणि पुढच्या फेरीच्या गुंतवणूकदारांपर्यंत नेतं त्याचे सहा टक्के परवडतात. जे फक्त लोगो आणि प्रमाणपत्र देतं त्याचे दोनसुद्धा महाग.

भारतात हा पैसा बऱ्याचदा आयसेफ नावाच्या करारावर येतो, आणि कायद्याच्या भाषेत ते सक्तीनं रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर असतात. त्यातला व्हॅल्युएशन कॅप (रूपांतराच्या वेळी धरायची कंपनीची कमाल किंमत), सवलत आणि कुठल्या घटनेला रूपांतर होणार, ही तीन कलमं दोनदा वाचा. आपल्या गल्लीतले सीए जीएसटी आणि ऑडिटमध्ये वाघ असतात, पण हे कागद त्यांच्या रोजच्या वाचनातले नसतात. गुंतवणुकीचे करार आधी केलेला वकील गाठा, मग तो पुण्याचा का असेना. त्याची फी जड वाटेल. नंतरची भांडणं त्याहून जड जातात. शेअर जादा भावानं दिल्याबद्दल लागणारा एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला, त्यामुळं निदान ती एक काळजी मिटली.

परदेशी ॲक्सिलरेटरचा आणखी एक पेच असतो. वाय कॉम्बिनेटर भारतीय कंपनीत थेट पैसे घालत नाही. अमेरिका, सिंगापूर अशा ठिकाणी मूळ कंपनी काढून कोल्हापूरची कंपनी तिच्या पोटात न्यावी लागते. फेमाचे (परकी चलन कायद्याचे) नियम, दोन देशांचे हिशेब, दोन ऑडिट. आणि उद्या मुंबईच्या शेअर बाजारात यायचं ठरलं तर परतीचा खर्च. ग्रोनं अमेरिकेतून मूळ कंपनी भारतात परत आणली तेव्हा सुमारे १,३४० कोटी रुपये कर भरला. तुमच्यावर तेवढी वेळ येवो, म्हणजे कंपनी तेवढी मोठी झालेली असेल. पण तुमचे सगळे ग्राहक शिरोली आणि कागलमध्येच असतील तर अमेरिकेत डेलावेअरला कंपनी कशासाठी, हे विचारून बघा.

७. ते तीन महिने

बाहेरून पार्ट्या, फोटो आणि काचेची ऑफिसं दिसतात. आतून मुख्यतः एकच गोष्ट असते: दर आठवड्याला आकडा सांगायचा. मागच्या आठवड्यात किती म्हणालात, किती झालं, का नाही झालं. सगळ्या बॅचसमोर. सलग तीन आठवडे 'सेन्सरची डिलिव्हरी लांबली' असं सांगताना स्वतःचीच लाज वाटायला लागते, आणि खरी गती तिथूनच येते. मला विचाराल तर ॲक्सिलरेटरमध्ये पैसे देऊन घेण्यासारखी गोष्ट हीच. उरलेलं बरंचसं इंटरनेटवर फुकट आहे.

पहिले दोन आठवडे मात्र बहुतेकांचे खचण्यात जातात. शेजारच्या टेबलावर आयआयटीचे दोघं असतात, एकाची आधीची कंपनी विकलेली असते, सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात. तुम्ही जेवताना गप्प. मग एक दिवस त्यांच्यापैकीच कुणीतरी हळूच विचारतं, 'तुम्हाला खरंच पैसे देणारे ग्राहक आहेत?' आणि मोजणीचं माप बदलतं. इंग्रजी चुकलं तर चुकू द्या. आकडा चुकू देऊ नका.

मेंटरांचा मामला लग्नघरच्या आचाऱ्यासारखा: येणारा प्रत्येक पाहुणा भाजी चाखून मीठ सांगून जातो. सोमवारचा मेंटर म्हणतो फाउंड्री सोडा, फार्मा घ्या. मंगळवारची म्हणते हार्डवेअर सोडा, नुसतं सॉफ्टवेअर विका. सगळं वहीत लिहून घ्या, आभार माना आणि ज्याला ग्राहकाच्या तोंडून दुजोरा मिळेल तेवढंच करा. आठवड्याला दिशा बदलणाऱ्या टीमा डेमो डेला काय सांगायचं याच पेचात सापडतात.

कोल्हापूरकरांचा खास प्रश्न असतो मागं कोण राहणार हा. फाउंड्रीचा मालक ईमेलला उत्तर देत नाही. त्याचा सँड प्लांट रात्रपाळीत अडकला की त्याला माणूस दारात हवा असतो. दोन संस्थापक असाल तर एकानं बेंगळुरूला किंवा मुंबईला जावं, दुसऱ्यानं शिरोलीतच थांबावं आणि दोघांनी रोज रात्री फोनवर हिशेब जुळवावा. बॅच दोघांच्या हजेरीचा आग्रह धरत असेल तर निघायच्या आधी एखादा भरवशाचा डिप्लोमावाला पोरगा यंत्रावर तयार करा. पुण्याची बॅच असेल तर शुक्रवारी रात्री निघून शनिवारी फाउंड्रीत उभं राहता येतं. तेवढ्यासाठी पुण्याला पसंती देणं हा मला तरी हिशेबी निर्णय वाटतो, कमीपणा नव्हे.

डेमो डे त्या मानानं छोटा. दोन-चार मिनिटं, मोठ्या अक्षरांच्या चार स्लाइड, एक आलेख. त्या दिवशी चेक मिळत नाही, फोन नंबर मिळतात. खरी बोलणी नंतरचे चार-सहा आठवडे चालतात, तेव्हा त्या काळासाठी घरभाडं आणि पगार हातात ठेवा.

८. शिक्का कुठं चालतो

मुंबई-बेंगळुरूच्या गुंतवणूकदाराकडं चालतो. कोल्हापूरच्या अनोळखी पत्त्यावरून आलेला ईमेल जिथं उघडला जात नव्हता, तिथं पंधरा मिनिटांची वेळ मिळते. ही किंमत खरी आहे आणि आपल्यासाठी ती पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा जास्त आहे, कारण त्यांच्याकडं कॉलेजचे मित्र आणि जुने बॉस असतातच.

माणसं घ्यायला चालतो. हिंजवडीला निघालेला चांगला इंजिनिअर थांबवायचा तर पगारात आपण हरतो. त्याच्या आईवडिलांना दाखवायला एखादं ऐकलेलं नाव असलं की बोलणं पुढं सरकतं. लग्नाच्या बाजारात तर तो बँकेपेक्षा कितीतरी चांगला चालतो, हे अनेकांनी अनुभवलंय.

बँकेत चालत नाही. तिथं तीन वर्षांचे रिटर्न आणि तारण विचारतात.

आणि शिरोलीत अजिबात चालत नाही. काचेच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र घेऊन गेलात तर मालक चहा पाजेल, कौतुक करेल आणि मग म्हणेल, "ते ऱ्हाऊ दे बाजूला. माझं रिजेक्शन किती खाली आणतोयस, ते सांग बघू." त्याच्याकडं जाताना मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या फाउंड्रीचा रिजेक्शनचा तक्ता न्या, त्या मालकाला विचारून, आणि फोन लावून द्यायची तयारी ठेवा. कोल्हापुरात एका मालकाचा शब्द दुसऱ्याकडं चालतो, तिसऱ्या गावच्या लोगोला इथं कोण विचारतो.

या शिक्क्याला मुदतही असते. वर्ष-दीड वर्ष त्याच्या जोरावर दारं उघडतात. नंतर सगळे आकडेच विचारतात. म्हणून बॅच संपल्या संपल्या, ओळखी ताज्या असतानाच गुंतवणुकीची, भरतीची आणि बाहेरगावच्या ग्राहकांची कामं उरकून घ्या.

९. निवड झाली नाही तर

बहुतेकांची होत नाही. मोठ्या ॲक्सिलरेटरमध्ये शंभर अर्जांमागं एक-दोनच आत जातात. नकाराचं पत्र दोन ओळींचं असतं, कारण कळत नाही, आणि त्यातून स्वतःबद्दल फार अर्थ काढण्यात अर्थ नाही.

दरम्यान लगेच शेअर न देता मिळणारा पैसा बघा. यंत्राचा नमुना बनवायला केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत मिळतात, तेही मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत, २०२१ मध्ये सुरू झालेल्या, नमुन्याच्या चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा रूपांतरित होणारे डिबेंचर (पुढं शेअर होऊ शकणारे कर्जरोखे) अशी रचना आहे. अर्ज इनक्युबेटरकडं करायचा असतो, तेव्हा तो सध्या घेतोय का ते आधी फोन करून विचारा. तिथली एक अट लोक विसरतात: अर्जाच्या वेळी कंपनी नोंदवून दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी. उगाच हौसेनं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कंपनी नोंदवून ठेवणाऱ्यांचे हात इथं पोळतात. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीच्या महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांत काम करून दाखवायला वर्क ऑर्डर मिळते. पाणी, शेती, आरोग्य अशा विषयांवर काम असेल तर ती शिक्क्यापेक्षा उपयोगी, कारण पहिला ग्राहकच मिळतो.

पुन्हा अर्ज जरूर करा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला निवड होणारे पुष्कळ असतात आणि जुना अर्ज त्यांच्याकडं जपून ठेवलेला असतो, तेव्हा तोच मजकूर पुन्हा चिकटवू नका. मागच्या वेळी तीन फाउंड्र्या होत्या, आता नऊ आहेत, त्यातल्या दोन बेळगावच्या, आणि एकानं का सोडलं, हे पहिल्या दोन ओळींत यायला हवं. आकडा हललेला नसेल तर एक बॅच सोडा आणि तोवर बेळगावचा फोन लावा.